मामाला पडता येत नव्हतं

“अरे गिर! गिर ना रे बाबा! मेरे बाप, अब तो गिर जा!”

भोंग्यातून हे ओरडत होता तो एका हिंदी सिनेमाचा दिग्दर्शक. ज्याच्यावर ओरडत होता तो माझा सख्खा मामा. आणि मामाच्या खाली, दोन्ही हात पसरून, तोंडात गेलेला भुसा थुंकत जो आडवा पडला होता तो त्या सिनेमाचा हिरो. कथेत हे चित्र बरोबर उलटं होतं. हिरो वर आणि मामा खाली. पण त्या दिवशी सकाळपासून कॅमेरा नऊ वेळा फिरला होता आणि नऊही वेळा हिरोच मामाच्या खाली सापडला होता. दर वेळी मामा घाईघाईनं उठायचा, हिरोला बगलेत धरून उभा करायचा, त्याच्या पाठीवरचा भुसा आपल्या पंजानं झटकायचा आणि “सॉरी हां” म्हणायचा. त्या झटकण्यानंच हिरो दोनदा परत आडवा झाला होता. तेही धरलं तर अकरा.

ही हकीगत मनोरीची. सिनेमातलं गाव मात्र मनोरी नव्हतं, ते होतं गंगेच्या काठचं. शहरातला एक लुकडा पोरगा त्या गावात येतो, वस्तादाच्या मुलीवर भाळतो, आणि वस्ताद म्हणतो की माझ्या गावच्या दांडग्या पैलवानाला चितपट कर आणि मुलगी घेऊन जा. गोष्ट एवढीच. मध्ये गाणी. आता गंगेच्या काठी माड कुठून येणार? आणि मनोरीत माडांशिवाय दुसरं आहे काय? तेव्हा एका पेंटरला बोलावून पुठ्ठ्याची पिंपळपानं कापून घेतली होती आणि जे जे झाड कॅमेऱ्यात येईल त्याच्या बुंध्याला ती सुतळीनं बांधली होती. पिंपळाला नारळ लागलेले मी आयुष्यात तिथेच पाहिले. मागे कोळणींनी बोंबील वाळत घातले होते. ते काढा म्हणून सांगायला गेलेला माणूस दोन मिनिटांत परत आला, आणि त्यानंतर दिवसभर त्या बाजूला तोंड करून उभा राहिला नाही. शेवटी बोंबलांवरून भगव्या पताका सोडल्या आणि गावात जत्रा आहे असं ठरलं. वासाचं काही करता येईना. पण सिनेमात वास येत नाही, असं दिग्दर्शक हिरोइनला दर अर्ध्या तासानं समजावत होता.

आखाडाही असाच. तालमीतल्या लाल मातीत ताक, तेल, हळद, लिंबू, कापूर काय काय घालून ती मुरवतात, तिला हात लावला तरी माणसाला घरचं वाटतं. पण मातीनं हिरोच्या अंगावर पुरळ येतं म्हणे. म्हणून अंधेरीच्या लाकडाच्या वखारीतून पोत्यांनी भुसा आणला होता आणि तो गेरूच्या पाण्यात बुचकळून वाळवला होता. मामानं रिवाजाप्रमाणे आत पाऊल ठेवायच्या आधी वाकून चिमूटभर उचलला, कपाळाला लावला आणि लागोपाठ सात शिंका दिल्या. सातव्या शिंकेला साउंडवाल्यानं कानावरचा हेडफोन काढून जमिनीवर ठेवला.

मामा काय चीज होता ते सांगायला हवं. आम्ही घाटकोपरच्या डोंगरावर एका चाळीत राहायचो. मामा जिना चढायला लागला की वरच्या मजल्यावरच्या बाया आधी स्टोव्हवरचं दूध उतरवून घ्यायच्या. कान दोन्ही मोडलेले, म्हणजे वर्षानुवर्षं घासून घासून आत वळलेले, तळलेल्या भज्यांसारखे. मान नव्हतीच. खांद्यावर थेट डोकं. मूळचा मालवणकडचा, आणि तिकडचा माणूस पैलवान झाला हे ऐकून घाटावरचे लोक त्याला हात लावून बघायचे. गिरणी बंद पडली तेव्हापासून तो साकीनाक्याला एका वर्कशॉपच्या गेटवर उभा असायचा. मी त्याच वर्कशॉपमध्ये लेथवर होतो. मामा गेटवर असताना चोरी तर सोडाच, पण मालकसुद्धा आत येताना खोकून यायचे.

बाराव्या वर्षी तो तालमीत शिरला आणि बाकीचं जग बाहेर राहिलं. त्यामुळे त्याला सगळे शब्द कुस्तीतूनच ऐकू यायचे. एकदा न्हाव्यानं आपल्या पोऱ्याला “कैची दे” असं म्हटलं, तर मामानं खुर्चीतल्या खुर्चीत पाय आवळून घेतले आणि साबण लावलेल्या तोंडानं मागे वळून पाहिलं. कैची हा डाव आहे, त्यात पायांनी मान धरतात. रिक्षावाला “कुठली सवारी?” म्हणाला की हा सावध व्हायचा, कारण सवारीही डावच. दोन डावांच्या मध्ये जी काही भाषा शिल्लक राहते तेवढीच त्याच्या वाट्याला आली होती.

अशा माणसाचं वय चौतीस झालं आणि आमच्या आईनं त्याच्या लग्नाचं मनावर घेतलं. स्थळ मुलुंडचं होतं. मुलीचे वडील साताऱ्याकडचे, स्वतः तरुणपणी कुस्ती केलेले, आता एका गुडघ्यानं अधू. मुलगी अंधेरीला औषधांच्या कारखान्यात गोळ्या पाकिटात भरायच्या कामाला. वडिलांनी मामाचे कान पाहिले आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. कानांना हात लावून पाहिला. मग विचारलं की पाठ कधी मातीला लागलीय का. मामा म्हणाला, बावीस वर्षांत नाही. त्यावर म्हातारा ताडकन उभा राहिला, गुडघा धरून परत खाली बसला आणि त्यानं शब्द दिला, की ज्याची पाठ मातीला लागलेली नाही त्यालाच माझी मुलगी.

मुलीचं वेगळंच होतं. ती सिनेमाची नादी. कुठल्या नटीनं कुठल्या गाण्यात कुठल्या रंगाची ओढणी घेतली हे तिला पाठ. कुस्तीबद्दल तिचं मत तिनं आमच्यासमोरच सांगून टाकलं, की दोन उघडे बाप्ये एकमेकांना मिठी मारून चिखलात लोळतात आणि बाकीचे उघडे बाप्ये टाळ्या वाजवतात, ह्यात बघायचं काय? मग तिनं मामाला विचारलं की शेवटचा सिनेमा कुठला पाहिला. मामानं पुष्कळ आठवून सांगितलं की देवांचा एक पाहिला होता, पण त्यातली मारामारी खोटी होती म्हणून मध्येच उठून आला. ती “बघू” म्हणाली.

त्या “बघू”वर मामा चार महिने जगला. आईनं निरोप पाठवला, उत्तर आलं बघू. वडिलांनी तिकडून रेटलं, ती म्हणाली बघू. मामाच्या बैठकांची संख्या वाढत गेली. रोज हजार काढणारा माणूस दोन हजारांवर गेला. चाळीला तडा गेला तो तेव्हाच, मालकानं नंतर कारण काहीही सांगितलेलं असो.

अशात तालमीत सिनेमावाल्यांचा माणूस आला. त्याला एक भयानक दिसणारा पैलवान हवा होता. तो दारातून आत शिरला, मामा समोर जोर मारत होता, आणि तो तिथूनच म्हणाला की मिळाला. मामानं आधी नाही म्हटलं. मग त्याला मुलुंड आठवलं. त्यानं मलाच निरोप घेऊन पाठवलं, की अमुक दिवशी मनोरीला हिंदी सिनेमात काम करतोय, यायचं असेल तर यावं. मी तिच्या कारखान्याच्या फाटकाशी जाऊन निरोप सांगितला. तिनं पहिल्यांदा “बघू” म्हटलं नाही. ती म्हणाली, “किती वाजता?”

मी परत येऊन हे सांगितलं तेव्हा मामानं मला आनंदानं मिठी मारली. माझी डावी बरगडी अजून हवा बदलली की बोलते.

हरायचं आहे हे मात्र त्याला कोणी सांगितलंच नव्हतं. ते त्याला थेट आखाड्यात, लंगोट लावल्यावर कळलं. आणि मुलुंडची मंडळी तोवर येऊन बसली होती. मुलगी नटूनथटून, हिरोइनच्या मेकअपच्या तंबूच्या जितकं जवळ बसता येईल तितकी जवळ. वडील आखाड्याच्या दोरीला अगदी चिकटून, काठीवर दोन्ही हात, हातांवर हनुवटी, आणि नजर मामाच्या पाठीवर. तिच्या बापाला त्या पाठीशिवाय मामाचा दुसरा कुठलाच अवयव दिसत नव्हता.

आता बघा मामाची कशी वाट लागली होती. पडला, तर बाप मुलगी घेऊन उठणार. नाही पडला, तर सिनेमावाले त्याला हाकलून दुसरा आणणार, आणि मुलगी आयुष्यभर बघू म्हणणार. नवव्या वेळेनंतर मी त्याला पाणी द्यायला गेलो आणि हळूच म्हटलं, मामा, म्हाताऱ्याचं मी बघतो, सिनेमातलं पडणं काय खरं असतं का, तू आपला पड.

मामानं ग्लास रिकामा केला. त्याचा चेहरा इतका बापुडा मी गिरणीला टाळं लागलं तेव्हाही पाहिला नव्हता.

“अरे मेल्या, मी कधीपासून पडूकच बघतंय,” तो म्हणाला. “माका पडूक येणा नाय.”

आणि ते खरं होतं. दहाव्या वेळी मी नीट पाहिलं. मामानं डोळे मिटून घेतले. हात सैल सोडले. मारुतीचं नाव घेतलं असणार, कारण ओठ हलत होते. हिरोनं येऊन त्याच्या कमरेला हात घातला. तापल्या तव्याला बोट लागलं की हात आपल्याला न विचारता मागे येतो ना, तसं मामाचं अंग त्याला न विचारता वळलं. डोळे उघडले तेव्हा हिरो खाली होता. मामा वर. दोघांच्याही चेहऱ्यावर सारखंच दुःख.

हिरो उठला, चालत आपल्या खुर्चीकडे गेला आणि बसला. त्यानं जाहीर केलं की एक तर हा माणूस ह्या सिनेमात राहील नाही तर मी. दिग्दर्शकानं डोक्यावरची टोपी काढून आपटली. ती बोंबलांत पडली आणि ती आणायला कोणी गेलं नाही.

त्यावर दिग्दर्शकाच्या असिस्टंटनं तोड काढली. तो चटपटीत, बोलणं असं की तीन वाक्यं एका श्वासात. त्याचं म्हणणं, हिरोशी कुस्ती राहू द्या. हा दांडगा पैलवान आखाड्यात हिरोइनशी लघळपणा करायला जातो, ती एक मुस्काटात देते, आणि हा पडतो. पब्लिक हसेल, हिरोचं अंग शाबूत राहील. दिग्दर्शक म्हणाला, कर बाबा, काहीही कर, उजेड चाललाय. असिस्टंट धावत मामाकडे आला.

“सुनो, सीन बदल गया. लड़की आएगी, तुम उसको पटाने का, वो मारेगी, तुम सीधा चित. समझा?”

आणि उत्तराची वाट न बघता धावत गेला.

त्या सगळ्या वाक्यात मामाला ओळखीचे शब्द दोनच सापडले. पट आणि चित. बाकी पोरगी पटवणं वगैरे मुंबईतल्या शेंबड्या पोराला कळतं, पण मामा बाराव्या वर्षीच तालमीत शिरला होता हे मी सांगितलंय. त्याच्या लेखी पट एकच. खाली झेपावायचं, समोरच्याचा पाय गुडघ्यामागून धरायचा आणि खेचायचा. समोरचा उताणा. कुस्तीत बाळगुटीसारखा पहिला हाच डाव पाजतात.

तो माझ्याकडे वळला. भुवया वर गेलेल्या.

“भाच्या, तो पट म्हणालो मां?”

आता मी कबूल करतो. ही कबुली मी इतकी वर्षं टाळत आलो. त्या क्षणी माझ्या तोंडात बटाटावडा होता, आणि पंधरा हातांवर हिरोइन बसून पायाच्या बोटांना रंग लावून घेत होती. मी तिकडून मान न वळवता म्हटलं, “हो, पट म्हणाला.”

“बाईमाणसाक?”

“सिनेमा आहे मामा.”

ह्यापुढे जे झालं त्यात अजून एक गोष्ट आम्हा दोघांनाही माहीत नव्हती. हिरोइननं त्या वासाच्या भुशात अनवाणी पाऊल टाकायला साफ नकार दिला होता. मग तिच्याऐवजी मारामारीची कामं करणारा एक डुप्लिकेट उभा केला. तोच घागरा, तीच चोळी, दोन वेण्या, आणि ओढणीचा पदर नाकाखालपर्यंत ओढलेला. पदराचं कारण असं की त्याला संध्याकाळी ह्याच सिनेमात डाकूचं काम होतं आणि त्यानं मिश्या काढायला नाही म्हटलं होतं. हा गडी उत्तरेतला, लहानपणापासून आखाड्यात वाढलेला. हे सगळं आम्हाला नंतर कळलं. तेव्हा दिसलं ते एवढंच की हिरोइन जरा रुंद झाली आहे आणि चालताना पाय फाकवून चालते आहे. मला वाटलं, भुसा टोचत असेल.

कॅमेरा सुरू झाला. मामा तिच्यासमोर उभा राहिला. घामानं गेरू ओघळून त्याच्या छातीवर लाल रेघा उमटल्या होत्या. त्यानं आधी म्हाताऱ्याकडे पाहिलं, मग मुलीकडे, आणि मग त्या घागऱ्यासमोर दोन्ही हात जोडून अगदी मनापासून म्हणाला, “माफ करना, बहनजी.”

प्रेमाच्या सीनमध्ये हे वाक्य ऐकून दिग्दर्शकाचा भोंगा खाली आला. पण कट म्हणायची त्याला सवड मिळाली नाही. मामा झेपावला. इतका सुरेख पट त्यानं त्याआधी काढला नव्हता आणि नंतर काढला नाही. घागऱ्याच्या घेरातून त्याचा हात बरोबर गुडघ्यामागे गेला, पाय हाताला लागला, आणि तिथेच मामा क्षणभर थांबला. तो पाय त्याला ओळखीचा वाटला. असा पाय बैठकांशिवाय होत नाही.

तेवढा क्षण पुरला. समोरच्याला वाटलं, हा तर खरंच खेळतोय. त्याचंही अंग आखाड्यात वाढलेलं, तेही त्याला विचारत नव्हतं. घागरा गर्रकन फिरला, मामाचा हात त्याच्या खांद्यावरून गेला, आणि माझा एकशे दहा किलोचा मामा धोबी कपडा आपटतो तसा त्याच्या पाठीवरून वर गेला.

मामा किती वर गेला ह्याबद्दल मतभेद आहेत. माझ्या मते माडाच्या निम्म्यापर्यंत. आई म्हणते तू तिथे वडा खात होतास, तुला काय कळतंय. पण वर तो बराच वेळ होता एवढं नक्की, कारण मला त्याचा चेहरा सावकाश बघता आला. त्याच्या चेहऱ्यावर भीती नव्हती. आश्चर्य होतं. बावीस वर्षं तो कुस्तीत फक्त माती आणि माणसं बघत आला होता. आभाळ त्याला पहिल्यांदा दिसत होतं.

मग तो खाली आला. दोन्ही खांदे, पूर्ण पाठ, सपाट. गेरूचा ढग उठला. बुंध्याला बांधलेली पुठ्ठ्याची पिंपळपानं सगळीच्या सगळी गळली, एक नारळ सुटला आणि जनरेटरवर पडला, जनरेटर बंद. ढग खाली बसला तेव्हा घागरेवाल्याचा विग त्याच्या एका कानावर लोंबत होता, पदर सुटला होता, आणि त्या झुबकेदार मिश्या सगळ्या गावासमोर उघड्या पडल्या होत्या.

मग एक हसू फुटलं. बारीक, आवरून धरलेलं, मग न आवरणारं. मी वळून पाहिलं. मुलुंडची मुलगी खुर्चीवरून खाली सरकली होती आणि पोट धरून हसत होती. तिच्यामागून कोळणी, मग लाइटवाले, मग हिरो. हिरो तर सगळ्यात जास्त.

“कट! ओके!” दिग्दर्शक म्हणाला. दिवसातला पहिला ओके.

मिशीवाल्यानं मामाला हात देऊन उठवलं आणि विचारलं, “कौन सा अखाड़ा, उस्ताद?” मामानं सांगितलं. दोघांनी गळाभेट घेतली. एवढं होईपर्यंत म्हातारा काठी टेकत धक्क्याच्या दिशेनं निघालाही होता. मुलगी डोळे पुसत त्याच्यामागे. मामानं ते पाहिलं आणि तसाच पळत सुटला. अंगावर लंगोट, अंगभर गेरू, केसांत भुसा. मागून मी, त्याची पँट आणि शर्ट घेऊन. वाटेत दोन कुत्री आमच्यामागे लागली, पण मामानं वळून पाहिल्यावर त्यांनी विचार बदलला.

धक्क्यावर खाडीपलीकडे मार्व्याला जाणारी बोट लागलेली होती. म्हाताऱ्यानं एक पाय फळीवर ठेवला होता. आम्हाला बघून त्यानं तो काढून घेतला. मी धापा टाकत आधीच सुरू केलं. मी म्हटलं, आजोबा, शब्द तुमचा काय होता, पाठ मातीला लागता कामा नये. आता ही पाठ बघा. ही माती आहे का? हा भुसा आहे. अंधेरीच्या वखारीतला. गेरू लावलाय. मातीचा एक कण जरी निघाला तर सांगा.

म्हाताऱ्यानं खरंच मामाच्या पाठीवरून बोट फिरवलं. चिमटीत धरून चोळलं, नाकाशी नेलं, जिभेला लावलं.

“भुसाच हाय,” तो म्हणाला. “मग? भुशात पडला म्हंजी पडला न्हाई व्हय? उद्या गादीवर पाडला तर झोपला म्हनशील.”

मी दुसरा मुद्दा काढणार होतो, की समोरचा मुळात बाई म्हणून आला होता, तेव्हा कुस्तीच बाद. मामानं माझ्या खांद्यावर हात ठेवला. मी धक्क्यात दोन इंच रुतलो.

“कारणां देव नको,” तो मला म्हणाला. मग म्हाताऱ्याकडे वळला. “मी पडलंय. चितपट पडलंय. त्याचो डाव चांगलो होतो.”

म्हातारा बराच वेळ त्याच्या कानांकडे बघत राहिला. बोटवाला ओरडला, यायचं असेल तर या, नाही तर राहा इथेच बोंबलांबरोबर. बोटीत बसलेले लोक एका लाल माणसाकडे टक लावून बघत होते. कोणी म्हणालं, नाटकवाला असेल. कोणी म्हणालं, नवस असेल.

“मी शब्द दिलता त्यो न पडनाऱ्याला,” म्हातारा शेवटी आपल्या मुलीला म्हणाला. “त्यो शब्द तितं आखाड्यात सपला. आता माजं काय बी म्हननं न्हाई. तुला करायचं आसंल तर कर, नसंल तर ऱ्हाऊ दे. पर आत्ता सांग. मला घरी जाऊन ह्येच दळण पुन्यांदा नको.”

तिनं मामाकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. मामानं एव्हाना माझ्या हातातला शर्ट घेतला होता आणि तो पोटासमोर धरून उभा होता. लंगोटावर तो एक शर्ट आडवा धरून कोणी लाजतं आहे, आणि ते कोणी म्हणजे माझा मामा, हे मी जन्मात पुन्हा पाहिलं नाही.

“हो,” ती म्हणाली. “चला आता.” आणि फळीवरून बोटीत गेली.

लग्न मुलुंडला झालं. मिशीवाला डाकू आला होता आणि पंगतीत मामाच्या शेजारी बसून दोघांनी जिलबी किती खाल्ली ते आचाऱ्याला विचारा, तो सांगताना अजून रडतो. सिनेमाही आला. घाटकोपरला लागला तेव्हा आख्खी चाळ पहिल्या शोला गेली. मामा पडद्यावर दिसला तो फक्त वर जाताना, पायाकडून. मधलं सगळं कापून पुढच्या क्षणी हिरो छाती फुगवून उभा. म्हणजे त्यानंच फेकला असं लोकांनी समजायचं. मामानं अंधारात मान हलवली आणि म्हणाला, पायांवरून तरी ओळखूक येता. एका आठवड्यात सिनेमा उतरला.

त्यानंतर बारशी, साखरपुडे, सत्यनारायण, जिथे चार माणसं जमतील तिथे ही गोष्ट मी सांगत आलो. शेवट रंगवून सांगायचो. मामी कशी त्या पैलवानाच्या खरेपणावर भाळली, हरलेल्या माणसात तिला कसा खरा हिरो दिसला, वगैरे. ऐकताना बायका डोळ्यांना पदर लावायच्या. मामी समोर असली तर काही बोलायची नाही, कामात असायची. एकदा मला राहवेना. ती ओट्याशी बसून कोलंबी सोलत होती, आठ-दहा पाहुणे जमलेले, मी गोष्ट नुकतीच संपवलेली. मी सगळ्यांसमोर विचारलं की मामी, आज तूच सांग, त्या दिवशी धक्क्यावर मामाकडे एवढं बघितलंस ते काय बघितलंस, आणि हो म्हणालीस ते कशावर.

तिनं मान वर न करता एक कोलंबी सोलून पातेल्यात टाकली.

“काही नाही रे. ओहोटी लागली होती. बोट सुटत होती.”